बायपास आणि दुसऱ्याचा माल

आमच्या अप्पांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: माल आणणारी आणि माल नेणारी. लातूरच्या मार्केट यार्डात त्यांची आडत आहे. शेतकऱ्याचं सोयाबीन, तूर, हरभरा दुकानात उतरवून घ्यायचा, सौद्यात विकून द्यायचा आणि आपली आडत, म्हणजे दलाली, घ्यायची, असा हा धंदा. म्हणजे दुकानात पोत्यांची थप्पी छताला लागलेली असते, पण त्यातलं एकही पोतं आपलं नसतं. आणि दुसऱ्याचा माल दुकानात पडून असेपर्यंत अप्पा लातूरच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. माझा जन्म निलंग्याला, आजोळी झाला. तेव्हा दुकानात कुणाची तरी तूर वजनाची राहिली होती. तिचा काटा झाला, शेतकरी वाटेला लागला, आणि मग अप्पा एसटीत बसून मला बघायला आले. आईने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की त्या तुरीशी आपलं काहीतरी नातं असावं असं मला लहानपणी वाटायचं. पुढे माझं लग्न नांदेडला ठरलं, तर मुहूर्तही सोयाबीनची आवक ओसरल्यावरचाच काढायला लावला. भटजीपेक्षा बाजाराचं पंचांग आमच्या घरात मोठं.

तर अशा माणसाला जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होऊ लागलं. अप्पांनी स्वतःच निदान केलं, "ग्यास हाय." सोडा पीत पीत त्यांनी अख्खा हंगाम काढला. शेवटी दुकान सांभाळणाऱ्या माझ्या भावाने त्यांना एका सकाळी दुकानाऐवजी दवाखान्यात नेलं. मनगटातून तार घालून तपासणी झाली आणि लातूरच्या डॉक्टरांनी संगणकावर हृदयाचं चित्र लावलं. मी नांदेडहून पळत गेले होते, म्हणून हा सौदा मला प्रत्यक्ष बघायला मिळाला. सौदाच म्हणायचा, कारण अप्पा खुर्ची पुढे ओढून त्या चित्राकडे, तळहातावर नमुन्याचे दाणे घेऊन बघावं तसं बघत होते.

"तीन ठिकाणी हाय म्हणता?"

"हो काका. आणि त्यातला एक अडथळा मुख्य नळीच्या तोंडाशी आहे."

"तिसरा जरा बारीकच दिसायलाय. दोनच धरा की."

भावाने मान खाली घातली. डॉक्टर मात्र सभ्य होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की रस्ते दोन आहेत. मनगटातून किंवा मांडीतून तार घालून नळीत स्टेंट बसवायचे, ती अँजिओप्लास्टी; दोन-चार दिवसांत घरी. नाहीतर छाती उघडायची, पायातली शीर काढून अडथळ्याच्या पुढे जोडायची, ती बायपास. त्यातून उठायला महिना-दोन महिने. अप्पांना शुगर, नळ्या तीन, त्यात मुख्य नळीचं तोंड, म्हणून त्यांचा सल्ला बायपासचा. स्टेंट अगदीच अशक्य नाही, पण नळ्या पुन्हा भरण्याची भीती अप्पांच्या बाबतीत जास्त.

"स्टेंट अशक्य न्हाई," अप्पा आमच्याकडे वळून म्हणाले. "ऐकलं न्हवं?"

एवढ्या मोठ्या बोलण्यातून त्यांनी तेवढंच निवडून घेतलं.

दोन बाजारांत भाव विचारल्याशिवाय अप्पा कुठलाच व्यवहार करत नाहीत. त्यामुळे दुसरा सल्ला नांदेडला घ्यायचा ठरलं आणि अप्पा-आई माझ्याकडे राहायला आले. नांदेडचे सर्जन वयाने मोठे, गोरेपान, कमी बोलणारे. त्यांनी सगळे कागद पाहिले, सीडी पाहिली आणि म्हणाले, "माझे वडील असते तर मी बायपासच सांगितली असती."

"तुमच्या वडलांची झाली का?"

"नाही. ते ठणठणीत आहेत."

"मग त्यांना कशाला मधी आणता, साहेब?"

सर्जन खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. तिथून पुढे त्यांची आणि अप्पांची गट्टी जमली, पण निर्णय काही जमला नाही. आम्ही निघताना त्यांनी मला एकटीला थांबवलं. म्हणाले, "ठरवायला फार वेळ घेऊ नका. अडथळा तोंडाशीच आहे. एखाद्या दिवशी दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळणार नाही." खाली रिक्षात आई आणि अप्पा ऊस स्वस्त झाला की महाग यावर वाद घालत बसले होते. मला रडू आलं. मी तोंड धुऊन मगच रिक्षात बसले.

आता माझ्या स्वभावाबद्दल एक सांगायला हवं. मी कॉलेजात शिकवते, त्यामुळे समोरच्याला काय कळत नाही हे मला त्याच्या आधी कळतं, असा माझा समज आहे. अप्पा सुरीला घाबरलेत, असं मी ठरवून टाकलं. बायपास झालेली धडधाकट माणसं डोळ्यांनी बघितली की भीती जाईल. मग मी आमच्या पै-पाहुण्यांत, ओळखी-पाळखीत बायपासवाले शोधायला सुरुवात केली. आणि आपल्या समाजात एवढी माणसं छाती शिवून हिंडत आहेत हे मला तेव्हा समजलं. उमरीचे एक लांबचे मामा आले. शेजारच्या गल्लीतले निवृत्त तलाठी आले. नायगावचे एक कापड दुकानदार तर गावाहून मुद्दाम आले. आलेला प्रत्येक जण बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि मी काही म्हणायच्या आत सदऱ्याची बटणं सोडायचा. बायपास झालेल्या माणसाला आपला व्रण दाखवायला फार आवडतं. दर संध्याकाळी आमच्या बैठकीत कुणीतरी उघड्या छातीने बसलेलं. माझे यजमान एकदा दारातूनच परत फिरले आणि म्हणाले, "आपल्याकडं पैलवानांची भरती चालू हाय का?"

अप्पा मात्र मन लावून बघायचे. चष्मा लावायचे, पुढे वाकायचे, अगदी जवळून निरखायचे. माझी योजना सफल होत आहे असं वाटून मी चहा टाकायला आत जायची. मी आत गेले की अप्पा हळू आवाजात काहीतरी विचारायचे आणि पाहुणाही हळूच सांगायचा. नायगावचे दुकानदार कानाने कमी. त्यांचं उत्तर सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"नर्सबाईनं एका पिशवीत टाकलं! घड्याळ, कवळी, सगळं त्यातच! चार रोजानं मिळालं परत!"

मला वाटलं, अप्पांना आपल्या घड्याळाची काळजी लागली आहे. लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ ते अजून किल्ली देऊन वापरतात.

पाहुणे गेले आणि अप्पांनी जाहीर केलं, "स्टेंट. ठरलं."

मी चिडले. इतक्या छात्या दाखवून हे फळ! मी खूप बोलले. शुगर, मुख्य नळी, पुन्हा भरण्याची भीती, सगळं वर्गात शिकवावं तसं बोलले. अप्पा ऐकून घेत राहिले. आई एका बाजूला मेथी निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "तू त्यांना काय पाहिजे ते इचारलंच न्हाईस." मी ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना अंघोळीनंतरची गोळी द्यायला मी त्यांच्या खोलीत गेले, तर दार अर्धं उघडं होतं. अप्पा पूजेच्या पाटावर आरशापुढे बसले होते. आम्ही लिंगायत. प्रत्येकाचं इष्टलिंग वेगळं, ज्याचं त्याचं. चांदीच्या डबीत घालून दोऱ्याने गळ्यात बांधलेलं, छातीवर. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि परत गळ्यात घालायचं. कडक पाळणारे ते अंगावरून कधीच उतरवत नाहीत, आणि अप्पा कडक पाळणारे. तर त्या सकाळी त्यांनी ती डबी दंडावर बांधून पाहिली. हात वर-खाली केला. मग दंडावरची सोडून डोक्यावर ठेवली, वरून टोपी घातली आणि आरशात मान डावी-उजवीकडे वळवून पाहिलं.

मला हसूच फुटलं. "अप्पा, हे काय?"

दचकून त्यांनी टोपी काढली. चोरी पकडल्यावर लहान मूल बघतं तसे बघत राहिले. मग म्हणाले, "छाती तर डाक्टर घेणार. पाय बी घेणार, शीर काढायला. अन् पाय चालत बी न्हाई, बेंबीच्या वरच पाहिजे. ह्या हाताला सलाईन, त्या हाताला बीपी. मंग राहिलं काय? डोस्कं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस माणूस त्या छात्यांवरचे व्रण बघतच नव्हता. तो व्रणाशेजारची डबी बघत होता, आणि प्रत्येकाला एकच विचारत होता, की त्या वेळी ही कुठं होती.

"मनगटातून तार घातली तवा गळ्यातच होतं," अप्पा म्हणाले. "कुणी काय म्हणलं न्हाई. म्हणून म्हणायलो, स्टेंटच बरं."

"पण अप्पा, थोडाच तर वेळ. काढून ठेवलं तर काय होतंय?"

"पोरी, सात वर्षाचा होतो तवा स्वामीनं बांधलं. तवापासून एक घडी अंगावरून गेलं न्हाई. तुमी परगावी गेला, तुझी आई माहेरी जात व्हती, हे कदी गेलं न्हाई. अन् आता डाक्टर म्हणतो, हृदय बंद करून मशिनीवर घेणार. ज्या टायमाला माझं हृदय बंद, नेमकं त्याच टायमाला हे अंगावर न्हाई? अन् तिकडंच राहिलो तर? बिगर लिंगाचा जाऊ?"

 त्याचं उत्तर कुठल्याच कॉलेजात शिकवत नसावेत. मी त्यांच्याजवळ खाली बसले. मला माझ्या अप्पांची फार कीव आली, आणि फार प्रेम आलं, आणि आईने कालच सांगितलं होतं याचा रागही आला.

मग खरी घासाघीस सुरू झाली. आमच्या मठातले स्वामी घरी आले. जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं की अंगावर कुठेही चालेल, पण नाभीच्या वर. सर्जनांनी सांगितलं की अंगावर कुठेही चालणार नाही. धातू नको, दोरा नको, काहीच नको. अप्पांनी चांदीची डबी काढून नुसतं लिंग कापडात बांधायची तयारी दाखवली. सर्जन म्हणाले, "काका, ऑपरेशनच्या टेबलावर तुम्ही आणि आम्ही, बाकी कुणी नाही." अप्पा म्हणाले, "तुमी हायेत, म्हणून तर ते पाहिजे." सर्जन पुन्हा हसले, पण तसूभर हलले नाहीत. स्वामींनाही काही सुचेना. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि जेवण जड झाल्यामुळे ते लगेच उघडले नाहीत.

या सगळ्यात एक आठवडा गेला. पायरी चढताना अप्पा आता मधेच थांबू लागले होते आणि थांबल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्यासारखं करत होते.

शेवटी एका दुपारी आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि पुन्हा आलेल्या स्वामींच्या समोरच अप्पांना म्हणाली, "इकडं द्या. मी बांधते."

"तू?"

"मंग कोण? ह्या दोघा लेकरांचं कुणी बांधलं व्हतं?"

खरंच होतं. आमच्या घरात लेकरू झालं की त्याचं लिंग येतं, पण लेकरू ते तोंडात घालतं, कुठंतरी टाकून देतं. म्हणून त्याला समज येईपर्यंत ते आईच्याच गळ्यात असतं. मी आणि माझा भाऊ लहान असताना आईच्या गळ्यात तीन-तीन दोरे असत.

"लेकरू सोता सांभाळू शकत न्हाई, म्हणून आई सांभाळती," आई स्वामींकडे बघत म्हणाली. "हे मशिनीवर असताना लेकरूच की. शुद्ध न्हाई, दात न्हाई, अंगावर कापड न्हाई. चालतंय का न्हाई, सांगा."

स्वामींनी दोन्ही हात जोडले. "चालतंय, अव्वा."

 अप्पा म्हणाले, "दात हायेत माझे." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्जनांना बायपासचा होकार कळवला.

ऑपरेशनच्या सकाळी, आत नेण्याआधी, अप्पांनी स्वतःच्या हाताने दोरा मानेवरून काढला.  डबीखाली छातीवर गोरा गोल डाग होता. त्या जागेने साठ-पासष्ट वर्षं ऊन बघितलं नव्हतं. त्यांनी डबी डोळ्यांना लावली, आईच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, "संभाळून." आईने ती गळ्यात घातली, पदर नीट केला आणि म्हणाली, "जा आता. मागं बघू नका." ते मागं बघतच गेले.

मग आम्ही बाहेर बसलो. आईने त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. अप्पांची पूजा राहिली आहे, ते उपाशी आहेत, तर मी कशी खाऊ, म्हणाली. सगळा वेळ तिने दोन्ही डब्या एका मुठीत धरून ठेवल्या होत्या. मी तिचा दुसरा हात धरला होता. मी देवाधर्माचं फार करणारी नाही, पण त्या दिवशी त्या मुठीवरून माझी नजर हलली नाही. सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "झालं. चांगलं झालं." आई उठली आणि तिने त्यांना वाकून नमस्कार केला. ते गोरेपान सर्जन लालबुंद झाले.

घशातली श्वासाची नळी काढल्यावर अप्पांना भेटायला एकाच माणसाला आत सोडणार होते. अर्थात आई गेली. सर्जनांनी दंडावर बांधायची परवानगी दिली होती, तेवढी त्यांनी आमच्यावर मेहेरबानी केली. आई बाहेर आली आणि म्हणाली, "बांधलं. हात मुठीत आवळून धरला बगा माझा." मला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली.

दवाखान्यात डबी उघडायची नाही, नुसती डोळ्यांना लावायची, असं स्वामींनी सांगितलं होतं. पुढेही छातीच्या टाक्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं, त्यामुळे अप्पांची खरी अंघोळ आणि खरी पूजा झाली ती माझ्या घरी, बऱ्याच दिवसांनी. मी पाट मांडला, विभूती ठेवली, आई खोलीत गाद्या आवरत होती. अप्पांनी दंडावरची डबी सोडली, उघडली, आतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तसेच बसून राहिले.

"अप्पा, दुखायलं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग गादीची चादर ओढणाऱ्या आईकडे बघून म्हणाले, "अगं, हे माझं न्हवं."

दोन्ही डब्या भावाने एकाच सोनाराकडून करून घेतलेल्या, अगदी सारख्या. आतलं मात्र ज्याचं त्याला ओळखू येतं. अप्पांच्या लिंगाला इतक्या वर्षांच्या अंगठ्याने एका बाजूला गुळगुळीतपणा आला आहे. हे लहान होतं, काळंभोर होतं. आईचं होतं.

मी म्हटलं, "गडबडीत बदललं असंल." आईने गडबडीत आजवर मिठाचा डबासुद्धा साखरेच्या जागी ठेवलेला नाही, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

अप्पांचा आवाज चढला. "म्हंजे तू इतके दिवस बिगर लिंगाची राहिलीस?"

"बिगर कशाला? तुमचं व्हतं की गळ्यात."

"जाणून केलंस?"

आईने चादरीची घडी घातली, ती उशाला ठेवली आणि मग सावकाश वळली.

"जाणून केलं. सगळा जलम बगत आले. पोरगी झाली तवा आला न्हाई, कुणाची तरी तूर व्हती. माझा बाप गेला तवा दिवसभरानं आला, कुणाचा तरी हरभरा व्हता. दुसऱ्याचा माल तुमच्यापाशी असला की तुमी कुटं जात न्हाई, हे मला म्हाईत हाय. म्हणून माझं बांधून ठिवलं तुमच्या दंडाला. म्हणलं, आता बगू कसं जातेत."

 अप्पांनी त्या लहानशा लिंगावर विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं, डोळे मिटले. पूजा नेहमीपेक्षा लांबली. मी दारातून हलले नाही.  पूजा झाल्यावर आईने गळ्यातला दोरा काढून अप्पांची डबी पुढे केली आणि आपली परत घ्यायला दुसरा हात पसरला.

लातूरच्या बाजारात ज्या माणसाने दुसऱ्याचा दाणाही कधी गरजेपेक्षा एक दिवस जास्त ठेवून घेतला नाही, त्या माणसाने मूठ मिटली आणि ती छातीवरच्या टाक्यांशी नेली.

"राहू दे अजून थोडे दिवस माझ्यापाशी," अप्पा म्हणाले.